खंडेनवमीला उतरवलेलं वायफाय

आमच्या बंगल्यात छत बोलायचं. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं वस्तीवरच्या कडूबाईला विचारावं.

श्रावण संपता संपता ती माझ्याकडे आली होती. मेंढरांमागे उन्हातान्हात फिरणारी बाई, पण त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून, पदर नीट डोक्यावर घेऊन आली. सरपंचाच्या घरी जायचं म्हणून. सरपंच म्हणजे मी, प्रियदर्शनी. निवडून येऊन मला तीन वर्षं होत आली होती आणि काम घेऊन माझ्याकडे आलेलं ते पहिलं माणूस. बाकी सगळं गाव माझ्या नवऱ्याकडे जायचं. मी तिला हॉलमधल्या सोफ्यावर बसवायला बघत होते, ती खाली फरशीवरच बसली.

"वैनीसाहेब, एक इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "गायरान खडीच्या मशीनला देणार हायत म्हणं. खरं हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून, वरून, आवाज आला. "कडूबाई! काय काम काढलं? मला सांगा की. मुंबईत हाय मी, पर ऐकू येतंय सगळं."

छताला लावलेला कॅमेरा होता तो. त्याला माईक, स्पीकर, सगळं होतं आणि पलीकडे अमरसिंह, माझे पती, मोबाईल हातात धरून आमच्याकडे बघत बसलेले. कडूबाईनं वर बघितलं आणि छताला हात जोडले.

"काय न्हाई दादा. ताक मागाय आलते," असं म्हणून ती उठली आणि ताक न घेताच गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरपंचाच्या घरात सरपंचासमोर बसलेल्या बाईला छताच्या पाया पडावं लागतं, ही काय रीत झाली?

पण हे छत बोलतं ठेवणारी मीच होते, आणि खरा संताप त्याचाच होता.

झालं असं की अमरसिंह मुंबईला कुणा पुढाऱ्याच्या घरी जाऊन आले आणि तिथलं बघून हरखले. झेडपीच्या तिकिटासाठी मुंबईच्या चकरा सुरू होत्या, त्यामुळे घराकडे लक्ष ठेवायला काहीतरी हवंच होतं. मग फाटकाला मोबाईलवर उघडणारं कुलूप आलं. हॉल, ओटा, जिना, गोठा, सगळीकडे कॅमेरे आले. बोललं की पेटणारे दिवे आले, विहिरीवरची मोटर मोबाईलवरून सुरू व्हायला लागली. आणि हे सगळं एका माळेत ओवायला मेश वायफाय: मोठा डबा ऑफिसच्या खोलीत आणि त्याचे छोटे डबे घरभर. माझ्या सासूबाई, तुळजाबाई, त्यांना पिल्लं म्हणतात. कोंबडीमागे पिल्लं तशी मोठ्या डब्यामागे ही, आणि एक हरवलं की सगळा कलकलाट.

नगरहून आलेल्या माणसानं वायफाय बसवलं. टिकवलं मी. तो गेला त्या दिवसापासून रोज काहीतरी तुटायचं. स्वयंपाकघरातलं पिल्लू सासूबाईंनी मांडणीवर स्टीलच्या डब्यांच्या रांगेमागे सरकवून ठेवलं होतं, त्यामुळे ते आंधळं झालेलं. फाटकाजवळचं पिल्लू पावसानं भिजू नये म्हणून अमरसिंहांच्या चुलतभावानं, अंगदनं, पत्र्याच्या पेटीत घालून वर कडी लावली होती. पत्र्यातून नेट बाहेर येतं होय? मी ते काढलं, लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत बसवलं आणि वळचणीखाली टांगलं. डबा दोन चालींचं वायफाय सोडतो; दिवे आणि कुलूप यांना फक्त संथ चालीचं कळतं, तेज चालीच्या मागे धावले की पडतात, म्हणून संथ वायफायला वेगळं नाव काढून त्यांना त्यावरच जोडलं. लाईट जाऊन आली की सगळ्या वस्तू एकदम जाग्या व्हायच्या आणि मोठा डबाच झोपलेला असायचा. मग मोठा डबा इन्व्हर्टरवर घेतला. घराचं असंच असतं, थोरल्यानं आधी उठावं. मी बीएस्सी झालेली आहे, पण यातलं काही कॉलेजात शिकवत नाहीत. गुडघे मोडेपर्यंत शिडी चढले-उतरले तेव्हा आलं.

आणि एवढं करून मिळालं काय? फोन. "गोठ्याचा कॅमेरा ऑफलाइन दाखवतोय. बघ." जेवलीस का नाही, आईचं औषध झालं का नाही, काही नाही. फक्त 'बघ'. मी बघायची. माझ्यावरचा पहारा माझ्याच हातानं, एक घडीचाही खंड न पडू देता, चालू ठेवायची. अडाणी असते तर बरं झालं असतं, नेट तरी तुटलं असतं!

यातली सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हा सगळा कारभार माझ्याच मोबाईल नंबरवर होता. बसवणाऱ्यानं ओटीपीसाठी नंबर मागितला तेव्हा अमरसिंह बैठकीत होते. तिथूनच ओरडले, "तिचा टाक बे नंबर!" सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हाही असंच म्हणाले होते, "हिचं टाका नाव." त्यामुळे पंचायतीत सरपंच मी आणि ॲपमध्ये मालक मी. ते दोन्हीकडे नुसते जोडलेले, आणि दोन्हीकडे हुकूम मात्र त्यांचा. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असलं म्हणजे हात उठतो असं थोडंच आहे?

गायरानाचं मात्र खरं होतं. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. कडूबाईची, तिच्या भाऊबंदांची मेंढरं त्यावर जगतात, निम्म्या गावाच्या शेळ्या तिथंच चरतात. अमरसिंहांनी तो माळ खडी क्रशर टाकायला एका मित्राला कबूल केला होता. तो मित्र तिकिटाच्या कामात उपयोगी पडणारा होता, हे सांगायला नकोच. ठराव गांधी जयंतीच्या ग्रामसभेत घ्यायचा होता. यंदा दसरा नेमका त्याच दिवशी आला होता, म्हणून सभा सकाळीच उरकायचं ठरलं. कायद्यानं तिच्या आदल्या दिवशी बायकांची महिला सभा व्हायला लागते. आमच्याकडे ती कागदावर व्हायची. पंचायतीचा माणूस दारोदार फिरून अंगठे घ्यायचा, आणि माझी सही चहाच्या कपाशेजारी.

नवरात्रात मी देवीला गेले तिथं कडूबाई भेटली. मी मुद्दाम तिच्याशेजारी उभी राहिले. देवळात वायफाय नव्हतं.

"त्या दिवशीचं राहिलं की. घरी ये," मी म्हणाले.

"न्हाई यायची, वैनीसाहेब. भिंतीला कान अस्तेत म्हणत्यात. तुमच्या भिंतीला तोंड बी हाय." मग ती थोडी जवळ सरकली. "माळ गेला तर मेंढरं इकावी लागतील. मेंढरं गेली तर आमी कोण? ऊसतोडीला जायचं आमी? आमचं मालक म्हणत्यात, चल दादाच्या पाया पडू. मी म्हणलं, मत तर मी बाईला दिलतं."

एवढं बोलून ती देवीला नारळ फोडायला गेली. मी ओटीचं ताट हातात धरून तशीच उभी राहिले. मत तर मी बाईला दिलतं. एखादीनं थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं.

तिथून घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. महिला सभा खरी घ्यायची. पण कुठं? पंचायतीच्या कार्यालयाची किल्ली अंगदच्या खिशात, आणि माझ्या घरात छताला तोंड. सगळं बंद करून टाकावं तर तेही सोपं नव्हतं. मोठा डबा बंद झाला की अमरसिंहांच्या मोबाईलवर घंटी वाजायची, आणि पाठोपाठ अंगद दारात हजर.

मग खंडेनवमी आली.

आमच्या घरी खंडेनवमीचं सासूबाईंना फार. वर्षभर राबलेलं हत्यार त्या दिवशी निजतं. विळे, खुरपी, कोयते, जुनी तलवार, ट्रॅक्टरचे पाने, माझ्या शिलाई मशीनची कात्री, सगळं धुऊनपुसून देवासमोर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. अगदी भाजी चिरायची विळीसुद्धा नाही. त्या दिवशी आमच्याकडे पिठलंभात. मागच्या वर्षी अमरसिंहांनी तलवारीशेजारी स्वतःचा लॅपटॉप आणि मोबाईल ठेवला होता, फोटो काढून सगळीकडे टाकला होता, खाली ओळ: 'बदलत्या काळाची हत्यारं.' फोटो काढून झाल्यावर मोबाईल लगेच उचलला, ते सोडा.

सकाळी अंघोळ करून मी शिडी घेतली. ऑफिसमधला मोठा डबा काढला. स्वयंपाकघरातलं, जिन्यातलं, गोठ्यातलं पिल्लू काढलं, फाटकाचं बरणीसकट आणलं. सगळ्यांना ओल्या फडक्यानं पुसलं आणि पाटावर कोयत्यांच्या ओळीत मांडलं.

सासूबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. "ह्ये कावून आणलंस?"

"हत्यारच हाय की, आत्या. वर्षभर राबतंय. मागल्या साली तुमच्या लेकानंच म्हणलंतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या काही भोळ्या नाहीत. या घरात राहून भोळं राहता येत नाही. मग त्यांनी हॉलच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"आन् त्यो डोळा? त्यो राबत न्हाई व्हय? गुळाचा खडा तोंडात टाकला की मुंबईवरून वरडतोय मेला. आण त्याला बी."

मी पुन्हा शिडीवर चढले. कॅमेरा खाली आला, पाटावर बसला, आणि सासूबाईंनी कुंकवाचं बोट भरून नेमकं त्याच्या काचेवर टेकवलं. घर एकदम गप्प झालं. इतकी वर्षं मी या घरात राहते, पण ते इतकं माझं कधी वाटलं नव्हतं.

फोन वाजलाच. "सगळंच ऑफलाइन दाखवतंय! लाईट गेली का?"

"न्हाई. पूजेला ठेवलंय."

"काय ठेवलंय पूजेला?"

"वायफाय. खंडेनवमी हाय."

"येडी झालीस का? उचल आन् लाव."

मी फोन सासूबाईंकडे दिला. त्या म्हणाल्या, "निजलेलं हत्यार उचलू म्हणतोस? तुझ्या बापाच्या काळात कुणी म्हणलं न्हवतं. तिकीट पायजे ना तुला? मग देवीच्या तोंडाला लागू नगंस." आणि त्यांनी फोन बंद करायचं बटण न सापडल्यामुळे तो तसाच उशीखाली दाबला.

मी तो काढून घेतला आणि ग्रामसेवकाला लावला. रामभाऊ माणूस वाईट नाही, पण त्यांचा कणा अमरसिंहांच्या आवाजावर वाकतो-सरळ होतो.

"रामभाऊ, महिला सभा आज दुपारी, माझ्या घरी. कागदं घेऊन या. गावात दवंडी द्यायला सांगितलंय मी."

"वैनी, दादांना एकदा इचारून…"

"दादा महिला हायत का?"

तिकडे रामभाऊ खाकरले. मग "येतो," एवढंच.

फाटकाचं कुलूप मी किल्लीनं उघडलं. त्याला किल्ली होती, हे घरातल्या सगळ्यांच्या डोक्यातून गेलेलं. दोन्ही दारं सताड उघडी टाकून त्यांना दगड लावले. दुपारी बायका यायला लागल्या. दवंडीला महिला सभा म्हटलेलं असलं तरी आल्या त्या घट बघायला म्हणून, ओटीचं सामान घेऊन. नवऱ्याला सांगायला तेच सोपं. वत्सलाबाई आली, गीताबाई आली, वाड्यावस्त्यांवरच्या आल्या. प्रत्येक बाई उंबऱ्यात पाय ठेवला की आधी छताकडे बघायची. तिथं आता नुसती वायर लोंबत होती.

कडूबाई शेवटी आली, वस्तीवरच्या सगळ्या बायकांना घेऊन. तीही वर बघून उभी राहिली.

"तोंड कुठं गेलं?"

"पूजेला बसलंय," सासूबाई म्हणाल्या. "बस तू. खुशाल बोल."

आधी एक हसली, मग दुसरी, मग हॉल भरून हसू आलं. आणि एकदा हसू आलं म्हटल्यावर बोलणंही आलं. माळावर कुणाची किती जनावरं आहेत ते आलं. क्रशरची धूळ पिकावर बसून शेजारच्या गावाचा कापूस कसा करपला ते आलं. वत्सलाबाईचं घर तसं बागायतदाराचं, पण ती उठली आणि म्हणाली, "माझ्या सासऱ्याला त्या माळावर जाळलंय. तिथं सुरुंग लावणार हायत का हे?" रामभाऊ लिहीत होते. मी पहिल्यांदाच बघत होते की आपल्या गावातल्या बायकांना इतकं बोलता येतं. आणि मी त्यांची सरपंच होते म्हणे!

तेवढ्यात दारात अंगद आला. त्यानं चप्पल काढली नाही. मोबाईल समोर धरला होता, आणि पडद्यावर अमरसिंह.

"दादा बोलतायत," तो म्हणाला. "सगळ्यांशी बोलायचंय त्यांना."

हॉल थिजला. गीताबाईनं पदर पुढे ओढला. कडूबाईनं तोंड मिटलं. मोबाईलमधून आवाज आला, "काय मीटिंग चाललीय? रामभाऊ, तुमी कुणाच्या परवानगीनं…"

मी उठले. अंगदच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि पाटावर नेऊन ठेवला, मोठ्या डब्याशेजारी, पडदा खाली करून.

"ह्ये बी हत्यारच हाय," मी म्हणाले. "वर्षभर लई राबलंय."

सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता त्याच्या पाठीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या. मोबाईल पाटावर पडल्या पडल्या काहीतरी बोलत होता, मग तोही गप्प झाला.

"काकी, माझा मोबाईल…" अंगद सासूबाईंकडे बघत रडकुंडीला आला.

"उद्या सोनं लुटून आलास की घेऊन जा. चप्पल काढ आधी."

अंगदनं चप्पल काढली, मग परत घातली आणि गेला. बायका इतक्या हसल्या की त्यातल्या दोघींना ठसका लागला. त्यानंतर ठराव झाला. गायरान चराईसाठी राहील, कुणालाही दिलं जाणार नाही. कडूबाईनं मांडला, वत्सलाबाईनं अनुमोदन दिलं. खाली मी सही केली, आणि ती सही करताना शेजारी चहाचा कप नव्हता.

अमरसिंह दिवेलागणीला आले. मुंबईहून गाडी कशी हाकली असेल देव जाणे. आत येऊन सरळ स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. आवाज चढवला नाही. सासूबाई पलीकडे होत्या.

"उद्या सभेत उठून म्हण, बायकांना कळलं न्हाई, ठराव मागं घेतला."

"मला कळलंय की."

"मी शब्द दिलाय माणसाला."

"शब्द तुमचा हाय. माळ तुमचा न्हाई."

त्यांचे डोळे लाल झाले. "धर्मापुरीला धाडीन तुला. माहेरी बस मग सरपंच म्हणून."

"धाडा. माहेरची वाट मला ठावं हाय. पर सभा उद्या सकाळी हाय, आन् ती सरपंचाबिगर होत न्हाई. त्येवढी करूनच जाईन म्हणते."

मी आयुष्यात त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. मी पिठल्याचं पीठ कालवायला लागले. ते पाय आपटत देवघराकडे गेले, मोठा डबा उचलायला. सासूबाई पाटाशेजारी मांडी घालून जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "उचल," म्हणाल्या, "आन् तिकीट न्हाई मिळालं की मग माझ्याकडं रडत येऊ नगंस." अमरसिंहांचा पुढे झालेला हात तसाच मागे आला. माझा नवरा कायद्याला भीत नाही, बायकोला तर नाहीच, पण तिकिटाच्या तोंडावर देवीचा कोप ओढवून घ्यायची छाती कुठल्या पुढाऱ्याची आहे?

सकाळी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. एरवी दोन-चार बायका भिंतीला टेकून बसायच्या. त्या दिवशी अर्धं पटांगण लुगड्यांनी आणि साड्यांनी भरलं. रामभाऊंनी महिला सभेचा ठराव वाचला. कागदावरून मान वर काढली नाही, पण वाचला. क्रशरवाला मित्र गाडीला टेकून उभा होता.

आणि अमरसिंह उठले. मला वाटलं, आता बरसणार. पण त्यांनी पटांगणावरून नजर फिरवली, बायका बघितल्या, मतं मोजल्यासारखी मान हलवली आणि हात जोडले.

"बंधूंनो आणि भगिनींनो, हे गायरान वाचावं ही माझीच इच्छा होती. म्हणून तर मी माझ्या घरी महिला सभा लावली…"

त्यांच्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ठराव तर असाही झालाच असता. मी गप्प बसले असते तर माळ वाचला असता, घरात शांतता राहिली असती, आणि गाव म्हणालं असतं, दादांनी वाचवला. पुढच्या वेळी कडूबाई पुन्हा छताला हात जोडणार.

मी खुर्चीवरून उठले. "न्हाई," मी म्हणाले.

टाळ्या विस्कळीत होऊन थांबल्या.

"दादांनी माळ खडीच्या मशीनला द्यायचा शब्द दिलता. तो माणूस तिथं गाडीपाशी उभा हाय, इचारा त्याला. सभा त्यांनी लावली न्हाई, मी लावली. माळ बायांनी अडवला. ज्यांना हे कबूल हाय त्यांनी हात वर करा."

पहिला हात कडूबाईचा. मग तिच्या बाजूचे, मग बायकांच्या रांगाच्या रांगा. तिचा नवरा बंकट पुरुषांत बसला होता. त्यानं दादांकडे बघितलं, मग कडूबाईकडे बघितलं, आणि बायकोकडे बघतच हात वर केला. त्याच्या मागून पुरुषांचेही उठले. क्रशरवाल्यानं गाडीचं दार आपटलं. अमरसिंह उभेच होते. बसावं का जावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि मला त्यांची दया आली नाही. खरं सांगते, अजिबात आली नाही.

संध्याकाळी सीमोल्लंघन झालं, गाव आपट्याची पानं वाटत फिरलं. पूजा उठली. अंगद आपला हळदकुंकू लागलेला मोबाईल मुकाट्यानं घेऊन गेला. त्याच रात्रीपासून पंचायतीच्या सदस्यांना फोन सुरू झाले, अविश्वास आणायचा म्हणून. आणतीलही. आणू देत.

मी शिडी घेतली. मोठा डबा आधी, मग एकेक पिल्लू त्याच्या त्याच्या जागी. फाटक, गोठा, विहिरीची मोटर, एकाही वस्तूनं कुरकुर केली नाही. हाकेसरशी सगळ्या जोडल्या गेल्या. हॉलचा कॅमेरा मात्र मी कपाटात ठेवला. सासूबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि वर न बघता चघळला. मग मी ॲप उघडलं आणि जे इतके दिवस ठाऊक होतं ते केलं: पासवर्ड बदलला, आणि जोडलेल्या माणसांच्या यादीतून अमरसिंहांचं नाव काढलं. एक बोट लागतं त्याला.

ते ओट्यावर बसून बराच वेळ मोबाईल चोळत होते. शेवटी आत आले.

"जुना पासवर्ड घेत न्हाई ह्ये. नेट लाव. मला मुंबईला फोटो पाठवायचेत."

मी त्यांचा मोबाईल घेतला. मेशमध्ये घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक वेगळं नेटवर्क काढता येतं. त्यावर इंटरनेट हवं तेवढं चालतं, पण घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावता येत नाही. मी ते नुकतंच काढलं होतं आणि नाव ठेवलं होतं 'पाहुणे'. त्यांना त्यावर जोडून दिलं.

त्यांनी फोटो पाठवले. मग ॲप उघडलं, खालीवर केलं. "ह्यात काहीच दिसत न्हाई. कॅमेरे न्हाईत, मोटर न्हाई. फाटक तरी? बाहेरून आलो तर फाटक कसं उघडायचं मी?"

"फाटकापाशी उभं राहून हाक मारायची," मी म्हणाले. "घरात असले तर उघडीन."